गाडी सुटायच्या आधीच मळमळ : बरं झालेलं 'गाडी लागणं' परत का येतं आणि काय करायचं

लक्षणं साधारण अशी असतात. मूल एसटीने शाळेला जातं. सुरुवातीला फक्त घाटात, वळणांवर उलटी व्हायची. मग सपाट रस्त्यावरही व्हायला लागली. आता गाडी स्टँडवर उभी असतानाच तोंडाला पाणी सुटतं, घशाशी येतं, चेहरा पांढरा पडतो. काही लेकरांना तर सकाळी दप्तर भरतानाच ढवळायला लागतं. गोळी देऊन झाली, लिंबू देऊन झालं, पुढच्या सीटवर बसवून झालं. चार-आठ दिवस बरं जातं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी बीड जिल्ह्यात मानसशास्त्र शिकवते. हा प्रश्न पालक विचारतात, शाळेतले शिक्षक विचारतात, कॉलेजात शिकणाऱ्या मुली स्वतःसाठीही विचारतात. सविस्तर लिहायला बसले त्याचं कारण एकच, यापायी मुलींची शाळा सुटते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, बऱ्याच तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींसाठी गावापर्यंत येतात, आणि तरीही आठवी-नववीतली पोरगी घरी बसते, कारण "तिला गाडी लागती". हे कारण घरात फार लवकर मान्य होतं. मुलाला त्रास असेल तर सायकल निघते, मोटारसायकल निघते, नाहीतर तालुक्याला मावशीकडे सोय होते. मुलीच्या बाबतीत "राहू द्या मग" एवढ्यावर विषय संपतो. तो तिथे संपू नये असं मला मनापासून वाटतं, कारण बहुतेक मुलींचा हा त्रास शाळा चालू ठेवता येईल इतका कमी होऊ शकतो.

हे दोन वेगळे त्रास आहेत

पहिला त्रास प्रवासाचा. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो. गाडी वळते, उसळते, ब्रेक लागतो, ते सगळं त्याला कळतं. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर नाहीतर मोबाईलवर खिळलेले असतात आणि सगळं स्थिर असल्याचं सांगतात. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हे क्वचित होतं. साधारण दोन ते बारा या वयात सगळ्यांत जास्त होतं, मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त होतं, आणि ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना अधिकच. धारूरच्या घाटात वळणामागून वळण येतं तेव्हा धडधाकट माणसालाही कसंतरी होतं. तिथे मुलीला उलटी झाली तर त्यात नवल नाही.

दुसरा त्रास शिकलेला. ओळखायची खूण सोपी आहे: मळमळ गाडी हलायच्या आधी सुरू होते का? उभ्या गाडीत आतला कान गडबडायचं काही कारण नसतं. तरी पोट ढवळत असेल, तर ते पुढे काय होणार याची तयारी करतंय. ही तयारी शरीराने अनुभवातून शिकलेली असते.

म्हणून आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर रोज एक ओळ लिहायला सांगा: आज पहिल्यांदा कुठे वाटलं? घरी, स्टँडवर, पायरीवर, डबल बेलनंतर की घाटात. उलटी झाली की नाही याची नोंद तितकी महत्त्वाची नाही, सुरुवात कुठे झाली ते महत्त्वाचं आहे. सगळ्या नोंदी "घाटात" अशा आल्या तर प्रवासाचा त्रास कमी करण्यापुरतंच बघा, तेवढ्याने भागेल. "स्टँडवर", "पायरीवर", "घरी" अशा आल्या तर नुसत्या गोळीने काम होणार नाही.

शरीर हे शिकतं कसं

रशियातले शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. कुत्र्यांच्या तोंडाला लाळ कशी आणि किती सुटते हे ते मोजत होते. त्यात त्यांना आढळलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुटते. मग त्यांनी मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक, बझर, असे अन्नाशी काहीही संबंध नसलेले इशारे अन्नाच्या जरा आधी द्यायला सुरुवात केली. काही वेळा असं झाल्यावर नुसत्या इशाऱ्याला लाळ सुटू लागली. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

एसटीत तर अशा इशाऱ्याची घंटा प्रत्यक्षच असते. कंडक्टर दोरी ओढून डबल बेल देतो, गाडी झटका घेते, थोड्या वेळात वळणं सुरू होतात आणि पोट ढवळतं. हा क्रम रोज तसाच. आधी इशारा, मग त्रास. काही आठवड्यांत शरीर त्रासाची वाट न बघता इशाऱ्यालाच उत्तर द्यायला लागतं. मग इशाऱ्याच्याही आधीचा इशारा पकडतं: गाडीचा लाल रंग, स्टँडचा वास, शेवटी दप्तर.

यात मुलीचं मत कोणी विचारलेलं नसतं. लाळ ठरवून सुटत नाही आणि ठरवून थांबत नाही, पोटाचंही तसंच. त्यामुळे "मन घट्ट कर", "नाटकं करू नको", "बाकीच्या पोरी जातातच ना" या वाक्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट मळमळीच्या जोडीला भीती बसते, आणि भीतीनेही पोट ढवळतंच.

आता वासाबद्दल, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना चवीचं पाणी दिलं आणि पिताना उजेड-आवाजही केला. ज्या उंदरांना नंतर मळमळ होईल असं केलं, त्यांनी ती चव टाळली. उजेड-आवाजाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ज्यांना विजेचा झटका दिला, त्यांचं उलट झालं. म्हणजे कुठलाही इशारा कुठल्याही त्रासाला सारख्याच घट्टपणे चिकटत नाही. मळमळीला चव आणि वास चिकटतात, आणि फार पटकन चिकटतात. काही वेळा एकच अनुभव पुरतो, खाणं आणि उलटी यांच्यात काही तास गेले असले तरी. म्हणून गाडीतलं डिझेल, तापलेलं रेक्झिन, फिनेल, आदल्या कोणाच्या उलटीचा राहिलेला वास हे आधी तपासा. मुलीला विचारा, "कोणता वास आला की सुरू होतं?" बहुतेक वेळा ती लगेच सांगते, फक्त तिला आजवर कोणी विचारलेलं नसतं.

आणि हे पसरतं. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून, त्याच वेळी मागे लोखंडी दांडीवर हातोडा मारून मोठा आवाज केला. बाळ उंदराला घाबरू लागलं आणि पुढे सशालाही, केसाळ कोटालाही. त्या बाळाची भीती काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, आणि मला तो प्रयोग शिकवताना दरवेळी त्रास होतो. पण त्यातून कळलेली गोष्ट खरी आहे. एसटीपासून सुरू झालेली मळमळ काळी-पिवळी जीपला, रिक्षाला, पेट्रोल पंपाच्या वासाला जाऊन पोचते. "आता तर तिला कारमधी बी होतंय" असं आई सांगते तेव्हा आजार वाढला असं समजू नका. शिकलेली गोष्ट जवळच्या गोष्टींना लागू झाली, एवढंच.

घरातले उपाय उलटे कसे पडतात

एका सकाळी तालुक्याच्या स्टँडवर पाहिलेलं सांगते. आईने हातातल्या पिशवीतून काळी कॅरीबॅग काढली, दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडलं, भोक नाही ना बघायला फुंकून फुगवली आणि लेकीच्या हातात दिली. "मळमळायलंय का गं?" मुलीने बॅगेकडे बघितलं, गिळल्यासारखं केलं आणि तिथेच वाकली. गाडी अजून फलाटाला लागायची होती.

त्या माउलीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बॅग लागतेच. पण रोज उलटीच्या आधी हातात येणारी कॅरीबॅग हा गाडीपेक्षाही पक्का इशारा होऊन बसतो, आणि "मळमळायलंय का?" हा प्रश्नही. बॅग मोठ्या माणसाने आपल्याजवळ, दिसणार नाही अशी ठेवावी. मुलगी एकटी जात असेल तर दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, घडी करून. आणि प्रश्न विचारायचा नाही. तिला सांगून ठेवा, "वाटलं तर तूच सांग", आणि मग दुसऱ्या गोष्टी बोला.

लिंबू, आवळा, आल्याची वडी यांचंही असंच. आल्याने पोटाला आराम पडतो, ते द्यायला हरकत नाही. पण मळमळ चढल्यावरच रोज लिंबू हुंगायला दिलं तर लिंबाचा वास आणि मळमळ यांची जोडी जमते. पुढे घरात कोणी सरबत केलं तरी ती मुलगी उठून बाहेर जाते. द्यायचंच तर गाडीत चढायच्या बरंच आधी, पोट शांत असताना द्या.

प्रवासाआधी आवडीचा पदार्थ खाऊ घालू नका. १९७८ साली इलिन बर्नस्टाइन यांनी केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं होतं. पुढे त्यातल्या बऱ्याच मुलांनी ते आइस्क्रीम नको म्हटलं. आपला त्रास औषधामुळे आहे हे माहीत असूनही असं होतं. "शाळेत जाताना पोटभर जावं" म्हणून आई सकाळी तूप घालून धपाटे देते, ते गाडीत बाहेर पडतात, आणि काही दिवसांनी पोरगी धपाट्याला हात लावत नाही.

काही घरांत पोराला पेपरवर बसवतात. त्याने इजा नाही, आणि आधार वाटून जरा बरंही वाटत असेल. पण ज्या दिवशी पेपर नसतो त्या दिवशी उलटी ठरलेली. आधाराची वस्तूही शिकलेलीच असते.

सगळ्यांत घट्ट गाठ बसते ती मध्येच उतरून घरी येण्याने. मळमळ वाढली, गाडीतून उतरली, क्षणात बरं वाटलं. ते बरं वाटणं इतकं जोरदार असतं की पुढच्या वेळी शरीर उतरण्याकडेच ओढतं. आणि उतरल्यामुळे, बसून राहिलो तरी मळमळ आपोआप ओसरते, हे शिकायची संधीच तिला मिळत नाही.

आधी रस्त्यावरचा त्रास कमी करा

घाटात रोज उलटी होत राहिली तर शरीराला रोज नवा धडा मिळणार आणि बाकीचं सगळं वाया जाणार. म्हणून हे आधी. मागच्या चाकांवरची आणि त्यामागची सीट टाळायची, तिथे सगळ्यांत जास्त उसळतं. पुढे, खिडकीशी, तोंड गाडीच्या दिशेने, नजर समोर लांब रस्त्यावर. डोकं सीटला टेकलेलं. मोबाईल, गृहपाठ काही नाही. खिडकी उघडी. पोट रिकामं नको आणि भरगच्चही नको. अर्धी-पाऊण भाकरी, तेल-तिखट कमी, गाडीच्या वेळेच्या पुरेसं आधी. गर्दीत उभं राहावं लागलं तर दारासमोरच्या दांड्याजवळ, बाहेर दिसेल असं.

गोळी डॉक्टरांना विचारून, मुलीच्या वयाचा आणि वजनाचा हिशेब करून घ्या. ती गाडीत बसण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून रोज शाळेला जाताना देत राहणं ठीक नाही. सुरुवातीचे काही प्रवास बिनउलटीचे जावेत एवढ्यासाठी ती उपयोगी आहे. कायम गोळी घेऊनच प्रवास झाला तर शरीर "गोळीच्या दिवशी बरं" एवढंच शिकतं.

मुक्कामी गाडी

आपल्याकडच्या कितीतरी गावांत संध्याकाळी शेवटची एसटी येते, रात्रभर पारापाशी नाहीतर शाळेपुढे उभी राहते आणि पहाटे निघते. या उपायासाठी याहून चांगली सोय शहरातही मिळणार नाही. तीच गाडी, तेच रेक्झिन, तोच डिझेलचा वास, आणि घाट नाही, वळण नाही, झटका नाही. इशारे सगळे आहेत, त्रास देणारी गोष्ट तेवढी नाही. शरीराला हीच नवी जोडी शिकवायची आहे.

ड्रायव्हर-कंडक्टरला विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. त्यांनाही रोज गाडी धुवावी लागते. सोबत आई किंवा घरातलं मोठं माणूस हवंच. पहिल्या दिवशी फक्त दारापाशी उभं राहायचं. मळमळ दहा बोटांपैकी किती, ते मुलीने बोटांनी दाखवायचं. बोलून सांगायला लावलं की तिचं सगळं लक्ष पोटाकडेच जातं, बोटं दाखवणं त्यापेक्षा हलकं. मग आत, पहिल्या सीटवर. मळमळ चढेल, सात-आठ बोटांपर्यंत जाईल. तेव्हा उतरायचं नाही. बसून राहिलं की ती हळूहळू उतरते; दहा-पंधरा मिनिटांत, नाहीतर थोड्या जास्त वेळाने. निम्म्यावर आली की उतरायचं. नियम एकच: उतरायचं ते मळमळ ओसरल्यावर, चढलेली असताना नाही. उलटी झालीच तर होऊ द्या, तोंड धुवा, दोन मिनिटं परत बसा आणि मग उतरा.

भीती अशी पायरीपायरीने काढायची रीत जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या छोट्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणत गेल्या. आपल्या कामात मात्र त्यातलं खाणं वगळायचं. भीतीवर खाऊ चालतो; मळमळीच्या शेजारी खाऊ ठेवला तर खाऊच नकोसा होण्याचा धोका असतो, हे वर आलंच आहे. खाऊऐवजी गप्पा, भेंड्या, मैत्रीण, लहान भावाने कंडक्टर होऊन काढलेली तिकिटं असं काहीही चालेल, फक्त खाणं नको.

उभ्या गाडीत दोन-तीन बोटांच्या वर मळमळ जात नाही असं झालं की पुढची पायरी: कंडक्टरला डबल बेल वाजवायला सांगा, गाडी हलवायची नाही. काही मुलींना इथे परत सात बोटं येतात. येऊ द्या, ओसरू द्या. मग इंजिन चालू असलेली उभी गाडी. सकाळी निघायच्या आधी ड्रायव्हर गाडी तापवतो तेव्हा हे सहज जमतं. मग एक थांबा. मग दोन. कुठे उतरायचं ते घरून निघतानाच ठरलेलं असावं, पोटाने ठरवायचं नाही. घाट शेवटी, बाकीचं सगळं जमल्यावर.

गावात मुक्कामी गाडी नसेल तर तालुक्याच्या स्टँडवर सुटायला वेळ असलेली गाडी बघा, नाहीतर गावात उभी असलेली कोणाची जीप. शिकलेली मळमळ जिथे उठते, तिथे बसायचं.

"बरी झाली होती, परत सुरू झालं"

या तक्रारीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण लोक इथेच हात टेकतात.

पावलॉव्हच्या प्रयोगात इशारा देऊन अन्न दिलं नाही, पुन्हा दिला, पुन्हा नाही, असं करत गेलं की लाळ कमी कमी होऊन थांबायची. पण मध्ये विश्रांती देऊन तोच इशारा पुन्हा दिला की थोडी लाळ परत सुटायची. याचा अर्थ पहिलं शिकणं पुसलं गेलेलं नव्हतं. "इशारा म्हणजे अन्न" हे जुनं शिकणं जागेवरच होतं आणि त्याच्यावर "इशारा आहे पण अन्न नाही" हे नवं शिकणं बसलं होतं. नवं शिकणं कच्चं असतं, थोड्या कारणाने बाजूला सरतं आणि खालचं जुनं वर येतं.

म्हणून मळमळ परत येणं हा उपाय फसल्याचा पुरावा नाही. ती परत येणारच, असं आधीपासून धरून चाला आणि मुलीलाही आधीच सांगा. ज्या मुलीला हे सांगितलेलं असतं ती परत आलेल्या मळमळीला घाबरत नाही. जिला सांगितलेलं नसतं ती पहिल्याच झटक्याला म्हणते, "माझं काही खरं नाही."

परत येण्याच्या तीन वेळा ठरलेल्या आहेत.

एक, खंड पडल्यावर. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडते, दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतं. दोन महिने गाडीत पाय ठेवलेला नसतो आणि पहिल्याच सोमवारी खच्चून भरलेली गाडी, बंद खिडक्या, पाऊस, ओल्या कपड्यांचा वास. इथे उपाय सोपा आहे आणि सहसा कोणी करत नाही: शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या फेऱ्या. बाजारहाटाला जाताना मुलीला सोबत घ्या. दुसऱ्यांदा ओसरायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

दोन, एखादा वाईट प्रवास झाल्यावर. ताप होता, शिळं खाल्लं होतं, शेजारच्या बाईला उलटी झाली, काहीही. महिनाभर नीट गेलेली मुलगी एका दिवसात मागे जाते. अशा वेळी "दोन दिवस राहू दे घरी" हा प्रेमाने दिलेला सल्ला सगळ्यांत घातक ठरतो. अंगात ताप असेल तर विश्रांती हवीच. पण बरी असेल तर दुसऱ्याच दिवशी, एकाच थांब्यापुरती का होईना, गाडीत बसवा. शेवटचा अनुभव वाईट राहू द्यायचा नाही.

तीन, ठिकाण बदलल्यावर. हे फार महत्त्वाचं आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेतल्या मार्क बाउटन यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की घाबरायचं जुनं शिकणं कुठेही नेलं तरी सोबत येतं, पण न घाबरायचं नवं शिकणं जिथे झालं त्या जागेला बांधलेलं राहतं. आपल्या भाषेत, मुलगी गावातल्या मुक्कामी गाडीत, आईच्या शेजारी, संध्याकाळी बरी झाली. म्हणजे ती *त्या* गाडीत, आईसोबत, संध्याकाळी बरी झाली. सकाळच्या गर्दीत, एकटी, दुसऱ्या गाडीत तिला पुन्हा ढवळलं तर त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून सराव मुद्दाम वेगवेगळा करा: लाल गाडी, निळी गाडी, जीप; पुढची सीट, मधली सीट; आई सोबत असताना, मैत्रीण सोबत असताना, मग एकटी; सकाळी आणि संध्याकाळी; बॅग जवळ असताना आणि नसताना. एकाच गाडीत वीस वेळा बसण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या गाड्यांत चार-चार वेळा बसणं बरं. शिवशाहीसारख्या बंद काचांच्या गाडीत वास कोंडतो, ती उशिरा घ्या. विजेवर चालणाऱ्या ई-शिवाईत डिझेलचा वास नसतो, त्यामुळे संभाजीनगर-पुण्याकडे जाणं झालं तर लांबच्या पल्ल्याची सुरुवात करायला ती चांगली.

परत आलं की एक पायरी खाली या. पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. घाटात बिघडलं तर घाटाच्या आधीच्या थांब्यापर्यंत जा. तिथेही जमत नसेल तर उभी गाडी. दोन-तीन दिवसांत परत वर.

हे असेल तर आधी डॉक्टर

प्रवास नसतानाही उलट्या होत असतील, रोज पहाटे डोकं दुखून उलटी होत असेल, गरगरतं किंवा ऐकू कमी येत असेल, उलटीत रक्त दिसलं, वजन उतरत असेल, पोटात सतत दुखत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा. आणि मळमळ फक्त शाळेच्या गाडीला होते, आत्याच्या गावाला जाताना त्याच एसटीत काहीच होत नाही, असं दिसलं तर गाडीपेक्षा शाळेची चौकशी करा. गाडीत कोणी त्रास देतं का, स्टँडवर कोणी उभं असतं का, वर्गात काय चाललंय. मुलीच्या पोटात दुखतं, मळमळतं, तेव्हा कधीकधी ती तोंडाने सांगता येत नाही असं काही सांगत असते. हे आधी एकांतात, शांतपणे विचारा. बोलायला घरात किंवा शाळेत कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीत बोलता येतं.

सहलीचं

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात आणि "हिला गाडी लागते, नको" म्हणून काही नावं दरवर्षी गळतात. वर्गशिक्षकांना विनंती आहे, नाव काढायच्या आधी महिनाभर हातात घ्या. पुढची, दारामागची सीट तिच्यासाठी आधीच ठरवा आणि हे वर्गात जाहीर करू नका. शेजारी तिची मैत्रीण बसू द्या, ज्यांना उलटीची सवय आहे अशा चार मुलांना एकत्र बसवू नका. एकाच्या वासाने बाकीच्यांचं सुरू होतं. गाडीत फरसाण-चिवडा वाटू नका, तो थांबल्यावर खाली उतरून खायचा. रिकाम्या पिशव्या शिक्षकांजवळ असाव्यात, निघताना सगळ्यांना वाटायच्या नाहीत. घाट लागायच्या आधी दहा मिनिटं गाडी थांबवायला ड्रायव्हरला सांगून ठेवा. आणि त्या मुलीला उलटी झालीच, तर तिला पाणी द्या, खिडकी उघडा, आणि तिला पुढच्या स्थळापर्यंत गाडीतच बसून येऊ द्या.